चाचांचा हमाल

मला लिहिता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. उत्तरपत्रिका लिहिता येते, अर्ज लिहिता येतो, आणि औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून म्हाताऱ्या माणसांना सांगता येतं. त्यापुढे माझी मजल गेलेली नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडिलांना सही येते, पण ती करण्यासाठी त्यांना आधी खाली बसावं लागतं. अशा घरातल्या पोरानं एका माणसाविषयी पानंच्या पानं लिहायची, हे जरा जास्तच होतंय, हे मला कळतं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी हे लिहायला हवं होतं. पण त्यांच्यावर लातूरच्या त्या गल्लीत खोली भाड्यानं घ्यायची वेळ आली नाही, ती माझ्यावर आली. शिवाय या माणसावर पुष्कळ अन्याय झालेले आहेत, आणि त्यांतला एक मी स्वतः केलेला आहे. तेवढा तरी मीच लिहिला पाहिजे. चुकलंमाकलं तर माफ करावं.

तर गोष्ट अशी, की साऱ्या लातूर जिल्ह्याच्या वाट्याला आलेल्या रागापैकी निम्मा राग आमच्या खोलीवाल्या चाचांना एकट्याला मिळालेला आहे. बाकीच्यांना राग येतो तो पाण्याच्या टँकरवरून, नाहीतर बांधावरून. चाचांना येतो तो शास्त्रावरून. कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर ते “असू दे बेटा” म्हणतात. पण कुणी ‘लस’ आणि ‘औषध’ एकाच अर्थानं वापरलं, तर ते हातातला चहा खाली ठेवून उठतात. आणि मी पाहिलेलं आहे, की त्यांचा राग दर वेळी खरा असतो. माणसं फक्त तो ऐकण्याइतका वेळ थांबत नाहीत.

चाचा मूळचे उदगीरचे. तरुणपणी देवीची लस टोचणारे म्हणून सरकारी नोकरीला लागले, आणि औशापासून निलंग्यापर्यंतची कितीतरी गावं त्यांनी सायकलवरून टोचून काढली. देवीचा रोग संपला तेव्हा खात्यानं त्यांना मलेरियात टाकलं, मग कुटुंबकल्याणात, मग पोलिओत. त्यांनी सगळं इमानदारीनं केलं, पण मनानं ते देवीवालेच राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी लातूरच्या घरावर पत्रे टाकून चार खोल्या काढल्या, कारण तेव्हा लातुरात सगळेच काढत होते. क्लासला येणाऱ्या पोरांचा असा लोंढा होता, की ज्याच्या घराला दोन भिंती मोकळ्या होत्या त्यानं त्यावर पत्रा टाकून ‘रूम देणे आहे’ची पाटी लावली होती. बाकीचे खोलीमालक पोराचे दहावीचे गुण विचारायचे, जात आडून विचारायचे, अंडी खातो का ते विचारायचे. चाचा यांतलं काहीच विचारायचे नाहीत. ते आईबापांचे दंड बघायचे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माय आणि बाबा दोघंही सोबत होते. चाचा पायरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मायला म्हणाले, “बाई, डावा दंड दाखवा.”

माय घाबरली. तिनं बाबांकडे पाहिलं. माझे बाबा मुरुडच्या आडतीवर हमाली करतात. पाठीवर सोयाबीनचं पोतं असलं की ते कुणाला भीत नाहीत, पण पाठ मोकळी असली की सगळ्यांनाच भितात. ते नुसतेच हात जोडून उभे राहिले. आतून चाचींचा आवाज आला, “अजी, बच्चा कमरा मांगनेकू आया, सुई लेनेकू नै!”

“तू गप,” चाचा म्हणाले. “मी सुई कुठं काढून राहिलो? माझं काम बघून राहिलो.”

मायनं बिचकत पदर सारून दंड पुढं केला. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या जुन्या गोल डागाकडे असे बघत राहिले, जसं एखादा गवंडी आपण बांधलेल्या घरावरून बऱ्याच वर्षांनी जाताना बघतो. “गाव कोणतं? माहेरचं सांगा.”

“औशाकडलं. गावातल्या गावातच दिलं मला.”

“मग हे माझ्या हातचं. बघा कसा गोल उठलाय. एक टोचणी वाकडी न्हाई.” मग बाबांचा दंड. बाबांचं लहानपण मामाकडे रेणापूरला गेलेलं. चाचांनी तोंड वाकडं केलं. “हे त्या रेणापूरवाल्याचं. घाईचा माणूस होता. पण चाललं.” मग शेवटी माझ्याकडे वळले. माझ्या दंडावरही एक टिकलीएवढा डाग आहे. “हा क्षयाच्या लसीचा. हा मोजायचा न्हाई. तुम्ही सगळी कोरी पिढी. देवी गेली म्हणून तुम्हांला टोचलंच न्हाई कुणी.” आणि चाचींना ओरडून म्हणाले, “अगं, माझ्या हातच्या बाईचं पोरगं हाय. वरची पंख्याची खोली देतो ह्याला!”

अशी मला खोली मिळाली. गुणवत्तेवर मला आयुष्यात मिळालेली ती पहिली गोष्ट, आणि गुणवत्ता मायच्या दंडाची होती.

चाचा लग्नाला गेले की जेवणाच्या पंगतीपेक्षा पाहुण्यांच्या बाह्यांवर त्यांचं लक्ष जास्त. उन्हाळ्यातली लग्नं त्यांना आवडतात, कारण माणसं बाह्या वर करतात. एकदा त्यांनी एका आमदाराच्या सासऱ्याला मांडवात अडवून, “हा डाग पिकला होता ना? तुम्ही खाजवला असणार,” असं चारचौघांत विचारलं आणि तो भला माणूस चक्क हो म्हणाला. घरातल्या फ्रिजवर तर त्यांचा कडक पहारा असतो. लस थंडीत राहिली नाही की मरते, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलं आहे की चाचींना फ्रिज दिवसातून दोनदाच उघडायची परवानगी आहे. सकाळी उघडायचा तो दिवसभराचं दूध, दही, कोथिंबीर, पीठ एकदम बाहेर काढण्यासाठी, आणि रात्री उरलंसुरलं आत ठेवण्यासाठी. कोथिंबीर दुपारपर्यंत सुकायची, दही आंबायचं, पण फ्रिज मात्र आत रिकामा आणि थंडगार राहायचा. वीज गेली की चाचा फ्रिजला पाठ लावून खुर्ची टाकून बसायचे. चाची म्हणायच्या, “अंदर क्या है जो पहरा दे रै? एक निंबू!” त्यावर चाचा, “निंबू हाय का लस हाय, दाराला काय माहीत?” हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं.

भूकंपाविषयी ते फार बोलत नसत. बोलले तरी रागानंच. आमची गावं पडली तेव्हा खात्यानं त्यांना तिकडेच पाठवलं होतं. माय तेव्हा नवी नवरी होती, तंबूत राहत होती. चाचा सांगायचे, की देशभरातून डॉक्टरांच्या गाड्या आल्या आणि जो तो उतरला की समोर दिसेल त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचा. एका म्हाताऱ्याला दोन दिवसांत पाच वेळा दिलं, कारण तो भला माणूस दर गाडीला, ‘एवढ्या लांबून आलेत बिचारे’ म्हणून हात पुढं करायचा. चाचांचं डोकं फिरलं. त्यांनी निवडणुकीवाल्याकडून शाईची बाटली मिळवली आणि टोचलेल्या माणसाच्या अंगठ्याला शाई लावत तंबू-तंबू फिरले. मायला ते ‘शाईवाले’ अजून अंधूक आठवतात. हे सांगून झालं की चाचा विषय बदलायचे. एकदाच म्हणाले, “तोंडं ओळखू येत न्हवती बेटा. दंड येत होते.” आणि उठून, काही नको असताना, फ्रिज उघडायला गेले.

पण त्यांचा सगळ्यांत मोठा राग वेगळाच होता आणि तो समजायला मला वर्ष लागलं. देवीच्या लसीत देवीचा विषाणू नसतोच. त्यात असतो तो तिचा एक गरीब स्वभावाचा भाऊबंद. तो अंगात जाऊन थोडी गडबड करतो, आणि ती बघून शरीर देवीलाही ओळखायला शिकतं. देवी जगातून गेली, पण हा भाऊबंद मेलेला नाही. प्रयोगशाळांच्या बर्फात तो सुखानं नांदतो आहे. नोकरीत असताना कुठल्याशा शिबिरात एका तरुण डॉक्टरनं चाचांना सांगितलं, की परदेशात त्याच विषाणूत फेरफार करून, त्याच्यात दुसऱ्या रोगाचा एक तुकडा बसवून नव्या लसी बनवायची खटपट चालली आहे. चाचांना एकाच वेळी आनंद झाला आणि संताप आला. आनंद, की आपल्या विषाणूला पुन्हा काम मिळालं. संताप, की आपल्याला कुणी कळवलं नाही. “घोडा म्हातारा झाला म्हणून सोडून दिला,” ते म्हणायचे, “अन् आता त्याच्यावरच खोगीर चढवून राहिले. ज्यानं तो घोडा गावोगाव फिरवला, त्याला एक कार्ड टाकायला काय झालं होतं?”

या घोड्याचा हमाल झाला तो माझ्या बाबांमुळे. एका रविवारी बाबा ज्वारीचं पोतं घेऊन आले होते. माझ्यासाठी थोडी आणि चाचांसाठी थोडी. चाचा पायरीवरून बघत राहिले. बाबांनी पोतं पाठीवर घेतलं, जिना चढले, सांगितलं तिथं अलगद उतरवलं, घाम पुसला, तांब्याभर पाणी प्यायले आणि गेले. संध्याकाळी चाचांनी मला हाक मारली. “बेटा, माझं घोडा चुकलं. घोड्याला लगाम लागतो. तो विषाणू हमाल हाय. तुझ्या बापासारखा.”

मला ते बोलणं आवडलं नाही. पण चाचा रंगात आले होते. “हे बघ. एक विषाणू घ्यायचा, साधा, सर्दीपडशाचा का असंना. त्याची मूळ खोड काढून टाकायची. आत गेल्यावर पिलावळ वाढवता येणार न्हाई, असा करून सोडायचा.”

“म्हणजे नसबंदी,” मी म्हणालो.

“हाव. पण हा शब्द गावात कधी काढायचा न्हाई. मी एकदा काढला होता. अख्खं गाव उसात पळालं, दोन दिवस बाहेर आलं न्हाई.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आता हमालाच्या पाठीवर काय द्यायचं? चिठ्ठी. चिठ्ठीत दुश्मनाच्या टोपीचं माप. नुसत्या टोपीचं बरं का, दुश्मन न्हाई. हमाल पेशीच्या घरात जातो, चिठ्ठी देतो. घरात शिंपी असतोच, तो मापाबरहुकूम टोपी शिवतो. पहारेकरी टोपी बघतात, बोंब मारतात, काठ्या काढतात. उद्या खरा दुश्मन ती टोपी घालून आला, की दारातच धरला. अन् हमाल? हमाल कामापुरता. त्यानं माल उघडला न्हाई, खाल्ला न्हाई, नेला अन् पोचवला.”

“आणि लस घेतल्यावर ताप येतो तो?”

“ती पहारेकऱ्यांची बोंब. माल उतरल्याचा आवाज.”

आमच्या क्लासच्या नोट्समध्ये या सगळ्यावर एक ओळ होती आणि तिच्यापुढे ‘महत्त्वाचे नाही’ अशी खूण होती. चाचांचं मी अडीच पानं लिहून घेतलं.

आता मला जे सांगायचं आहे ते येतं. आमच्या क्लासमध्ये दर आठवड्याला चाचणी असायची, आणि गुणांवरून तुकडी ठरायची. पहिल्या तुकडीला पंखे आणि चांगले सर, तिसऱ्या तुकडीला दुपारची वेळ आणि पत्रा. मी धडपडत पहिल्या तुकडीत पोचलो होतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘उत्तरतालिकेवर नव्हे, आपल्या मेहनतीवर शंका घ्या.’ एका चाचणीत प्रश्न आला, की देवीच्या लसीत वापरलेला विषाणू आज कुठं आहे, काय आहे. मी ‘नव्या लसींसाठी वाहक म्हणून वापरता येतो’ या पर्यायावर खूण केली. उत्तरतालिकेत ‘पृथ्वीवरून नामशेष झाला’ असं होतं. ज्यानं कुणी ती तालिका केली त्यानं देवी आणि देवीची लस एकच धरली होती. माझे चार गुण गेले, वर चुकीचा म्हणून एक कापला, आणि तेवढ्यावर मी तिसऱ्या तुकडीत गेलो. मी सरांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, “नोट्स वाच.” याचा मला आजही राग आहे. चुकीचं उत्तर पाठ करणाऱ्यांना पंखा मिळाला आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला पत्रा.

पण हे घरी येऊन चाचांना सांगणं, ही माझी चूक होती.

दुसऱ्या दिवशी चाचांनी दाढी केली, खात्याचा जुना खाकी कोट घातला, आणि पेनाच्या डबीत जपून ठेवलेली, देवी टोचायची दोन टोकांची सुई डबीसकट खिशात टाकली. क्लासच्या हॉलमध्ये तीनही तुकड्यांना एकत्र बसवून पेपरची चर्चा चालली होती. सर माइकवर बोलत होते. चाचा मधल्या वाटेनं थेट फळ्यापर्यंत गेले.

“काय काम आहे, आजोबा?” सर माइकमधूनच म्हणाले.

“काम तुमचं हाय, ते करायला आलोय. देवी मेली, लसीचा विषाणू न्हाई मेला. चोर मेला म्हणून तुम्ही शिपायाचंबी मयत काढून राहिले!”

पोरं हसली. सरही हसले. “हे सिलॅबसमध्ये नाही.”

“देवी काय सिलॅबस बघून आली होती?”

आता सगळा हॉल हसत होता आणि सरांचं हसू गेलं होतं. “बरं मग, तुमचा तो विषाणू काय करतो सध्या?”

“हमाली करतो!” चाचांनी खिशातली सुई काढून वर धरली. “दुसऱ्याचा माल पाठीवर घेऊन आत पोचवतो. त्या तिथल्या पोराला विचारा, त्याला सगळं पाठ हाय. त्याचा बाप मुरुडला आडतीवर हमाल हाय, अगदी तस्साच—”

पुढचं ऐकू आलं नाही, एवढा हशा झाला. शेकडो माना माझ्याकडे वळल्या. मी क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, की माझे वडील आडतीवर असतात. ते खोटं नव्हतं. फक्त त्यातलं पोतं मी काढून ठेवलं होतं.

“कोण विद्यार्थी?” सर ओरडले. “उभा राहा. तू ओळखतोस का यांना?”

मी उभा राहिलो. चाचांचं बोट माझ्याकडे होतं आणि चेहऱ्यावर केवढा तरी विश्वास होता. मी म्हणालो, “मी यांना ओळखत नाही, सर.”

जिल्ह्यातला निम्मा राग ज्यांच्याकडे होता, त्या माणसाला त्या वेळी राग आला नाही. त्यांनी बोट खाली घेतलं. सुई डबीत ठेवली, डबीचं झाकण दोनदा दाबून पाहिलं. वॉचमननं येऊन त्यांचा दंड धरला, करकचून. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचे दंड हळू धरले, त्याचा. आणि ते बाहेर गेले.

त्या खोलीत मी नंतर चार दिवस राहिलो. चाचा नेहमीसारखेच “जेवला का बेटा” म्हणून विचारायचे, ते मला सहन होईना. हॉस्टेलला जातो म्हणालो. चाचींनी का, कशाला, काही कमी पडलं का, असं खूप विचारलं. माझी ट्रंक मी उचलायच्या आधी चाचांनी खांद्यावर घेतली, जिना उतरले, रिक्षात ठेवली, आणि घाम पुसत म्हणाले, “जड हाय. म्हणजे पुस्तकं हायत.” बस.

मला मेडिकल मिळालं नाही. नांदेडला बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. तो विषय का घेतला, असं कुणी विचारलं की मी खरं कारण सोडून ‘जागा मिळाली’ म्हणायचो. चाचांना पत्र लिहायला मी पाच-सहा वेळा बसलो. ‘आदरणीय चाचा’ इथपर्यंत यायचं. मग कोरोना आला, कॉलेज बंद झालं, आणि मी नांदेडच्या एका तपासणी प्रयोगशाळेत नमुने गोळा करायच्या कामाला लागलो. घरी जायची मला भीती वाटायची, की आपण गावात काहीतरी घेऊन जाऊ. मग लस आली. तिची माहिती वाचताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. चिंपांझीच्या सर्दीचा विषाणू घेतलेला. त्याची वाढ बंद केलेली. त्याच्यात नव्या रोगाच्या टोपीचं माप घातलेलं. चाचांचा हमालच तो! ज्याला पूर्ण हॉल हसला होता, तो हमाल आता देशातल्या दंडादंडांतून जाणार होता, आणि चाचांना या वेळीही कुणी कार्ड टाकलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्या उत्साहात मी जी चूक केली, ती फक्त नव्यानं शिकलेला माणूसच करू शकतो. मायला फोन लावला आणि म्हणालो, स्पीकर लाव, सगळ्यांना ऐकू दे. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. मी पुस्तकात आहे तसं सगळं खरं सांगितलं. त्यात विषाणू असतो, पण बदललेला. मूळचा माकडाच्या जातीतल्या प्राण्याचा. जिवंत असतो, पण त्याला पिल्लं होत नाहीत. पलीकडे सगळं शांत झालं. मला वाटलं, समजलं सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी आरोग्याची गाडी गावात आली, तेव्हा आमच्या गल्लीतला एकही माणूस बाहेर आला नाही. “माकडाचा रोग टोचून राहिले, अन् वर लेकरं होत न्हाईत म्हणे,” असं गावभर झालं, आणि पुरावा म्हणून माझं नाव. ‘सायन्सला शिकलेलं पोरगं सांगतंय.’ मी रोज फोन करायचो. माय म्हणायची, “तूच म्हणलास न रे लेकरा?” इकडे रोज माझ्यासमोर खोकत्या माणसांची रांग असायची. नमुन्याच्या चिठ्ठीवर मायच्याएवढं वय आलं की मी ते दोनदा वाचायचो. बाबा तर आडतीवर शंभर माणसांत वावरत होते. मी माझ्यावर चिडलो, गावावर चिडलो, मोबाइलवर फिरणाऱ्या मूर्ख व्हिडिओंवर चिडलो. मग लक्षात आलं, की मूर्ख व्हिडिओंत आणि माझ्यात फरक एवढाच होता, की माझं सगळं खरं होतं. चाचांनी सांगितलं होतं, कुठला शब्द गावात काढायचा नाही ते. मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं.

मग मायचा स्वतःहून फोन आला. आवाज जड होता. “अंग कसकसतंय रे. ताप हाय थोडा.” मी श्वास, खोकला, चव, सगळं विचारत सुटलो, तशी ती म्हणाली, “थांब की जरा! टोचून घेतलंय आम्ही काल. माल उतरल्याचा आवाज हाय हा.”

मी म्हणालो, “काय म्हणालीस?”

“ते तुझे खोलीवाले आलते की. चाचा. नर्सबाईच्या गाडीत बसून आले, खाकी कोट घालून. त्यांनी पूर्वी टोचलेल्या गावांत फिरून राहिले म्हणं, एकेक करून. समाजमंदिराच्या पायरीवर बसले अन् म्हाताऱ्या बायांचे दंड बघत सुटले. हे माझ्या हातचं, हे माझ्या हातचं. ती पाटलाची आजी तर रडायलाच लागली. मग त्यांनी हमालाचं सांगितलं. चिठ्ठी अन् टोपी अन् काय काय. सगळी हसली. तेवढ्यात कुणीतरी म्हणलं, आमच्या शिकलेल्या पोरानं तर माकडाचा रोग सांगितला. त्यांनी विचारलं, कुणाचं पोरगं? मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणलं, माझंच.”

“मग?”

“मग हसले. म्हणले, ‘त्यानं सगळं खरं सांगितलंय बाई. माल एक नंबर हाय. नुसतं उतरवायचं शिकायचं ऱ्हायलंय त्याचं.’ अन् म्हणले, त्याला सांगा, वरची पंख्याची खोली रिकामीच हाय.”

माय आपल्याच नादात होती.

“तरीबी टोचून घ्यायला कुणी पुढं होईना बघ. ग्रामसेवक आले, म्हणले, ‘हे म्हातारे कोण? दवाखान्याचे तर दिसत न्हाईत. कुणी ओळखतं का ह्यांना?’ सरकारी माणसापुढं सगळी गप. चाचा आपले खाली बघून राहिले, हातातल्या कसल्याशा डबीचं झाकण दाबत. तेवढ्यात तुझे बाबा उठले. तुला तर माहीत हाय, चार माणसांत त्यांच्या तोंडातून शब्द फुटत न्हाई. पण बाही वर करत सरळ पुढं गेले, अन् ग्रामसेवकाला म्हणले, ‘मी ओळखतो. आमचे हायत.’”